तांबडा दिवा आणि बधिर पाऊल

पायांची आग होणें, मुंग्या येणें, कापसावरून चालल्याचा भास होणें, रात्रीं पांघरुणाचा स्पर्शही पायांस सहन न होणें, या तक्रारी मधुमेहाचा जुना रोगी असलेल्या घरांत नित्य ऐकूं येतात. वैद्यकांत या विकारास ‘न्यूरोपथी’ म्हणतात. शरीरांतील सर्वांत लांब मज्जातंतू आधीं बिघडतात, म्हणून हा विकार पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. अशा पायांवर तांबडा, अथवा त्याच्या पलीकडचा अदृश्य अवरक्त प्रकाश सोडणारे दिवे व पट्टे आज बाजारांत मिळतात. पेन्शनीच्या पैशांतून ते घ्यावे काय, हा प्रश्न आज तपासून पाहूं.

प्रकाशचिकित्सा ही कांहीं निव्वळ भोंदूगिरी नाहीं. डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांस त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६७ सालीं बुडापेस्ट येथें एन्द्रे मेस्टर यांनीं उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर मंद लेसर-किरण सोडले, तेव्हां तेथें केस लवकर उगवले. पेशींतील मायटोकाँड्रिया हे ऊर्जेचे कारखाने होत. त्यांतील एक एन्झाइम तांबडा प्रकाश शोषून घेतें, त्यामुळें पेशीची ऊर्जा वाढते व नायट्रिक ऑक्साइड मोकळा होऊन रक्तवाहिन्या रुंदावतात, असा तर्क आहे. तर्क सयुक्तिक खरा. परंतु त्यावरून मेलेला मज्जातंतू जिवंत होतो असें सिद्ध होत नाहीं.

तें ठरविण्याचा मार्ग एकच. कांहीं रोग्यांस खरें यंत्र द्यावें, कांहींस हुबेहूब नकली द्यावें, आणि शेवटीं दोन्ही गटांची तुलना करावी. अवरक्त प्रकाश डोळ्यांस दिसत नसल्यामुळें अशी परीक्षा घेणें सोपें जातें. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासांत, बधिरता फार वाढलेली नाहीं अशा रोग्यांस थोडा लाभ दिसला. २००५ सालीं ३९ रोग्यांवर आठवड्यांतून तीनदां, चार आठवडे प्रयोग झाला. तेव्हां खऱ्या यंत्राच्या गटाची संवेदना सुधारली, आणि नकली यंत्राच्या गटाचीही तितकीच सुधारली! २००६ सालीं अमेरिकेंतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमायोजनेनें मधुमेही न्यूरोपथीसाठीं अशा यंत्रांचा खर्च देण्याचें नाकारलें. २००८ सालच्या प्रयोगांत ६९ रोग्यांनीं घरीं रोज ४० मिनिटें, ९० दिवस उपचार घेतला. तरी खऱ्याखोट्यांत फरक आढळला नाहीं. वेदना कमी झाल्याचे कांहीं लहान अभ्यास आहेत, पण ते अल्प मुदतीचे आहेत.

मग शेजारच्या गृहस्थांस बरें वाटलें तें खोटें काय? मुळींच नाहीं. पायांच्या वेदनेस भरती-ओहोटी असते, आणि मनुष्य दिवा विकत घेतो तो भरतीच्या वेळीं. त्यानंतर ओहोटी आली कीं श्रेय दिव्यास जातें. शिवाय रोज अर्धा तास पायांकडे लक्ष पुरविणारा रोगी बहुधा साखरेकडेही अधिक लक्ष देऊं लागतो. आणखी एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तंतू सुधारला तरी आग थांबते, आणि तंतू पुरता मेला तरीही थांबते. म्हणून नुसत्या ‘बरें वाटतें’ या शब्दावर विसंबूं नये. नायलॉनच्या बारीक तंतूनें डॉक्टरांकडून संवेदना तपासून घ्यावी.

औषधाआधीं कारण शोधावें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडांतील मोठ्या प्रयोगांत, पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांची साखर काटेकोर ठेवली असतां न्यूरोपथी सुमारें ६० टक्क्यांनीं कमी झाली; दुसऱ्या प्रकारांत हा लाभ कमी दिसतो. शाकाहारी माणसांत व दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊं शकते. ती दिव्यानें भरून निघत नाहीं. मद्यपान व कुष्ठरोग हींही कारणें आहेत. ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबॅलिन यांसारखीं औषधें अनेकांची वेदना कमी करतात, तंतू मात्र सांधीत नाहींत.

खरा धोका वेदनेपेक्षां बधिरतेंत आहे. वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, त्यांच्या हातापायांच्या जखमा बहुतांशीं रोगानें मांस झडून होत नसत. वेदना न कळल्यामुळें झालेल्या इजांतून त्या होत. मधुमेह्याच्या पायांचें हेंच आहे. चपलेंतील खडा, दुपारीं तापलेली देवळाची फरशी, शेकण्यासाठीं घेतलेलें कढत पाणी, यांतून झालेला व्रण चिघळून पाय कापण्याची पाळी येते. तापणारा दिवाही बधिर पायास भाजूं शकतो.

तेव्हां तात्पर्य असें: डॉक्टरांच्या संमतीनें, मुदत ठरवून, चालू उपचार न सोडतां कोणी हा दिवा वापरला तर फारसें बिघडत नाहीं, मात्र त्यासाठीं कर्ज काढूं नये व त्यापासून तंतूच्या दुरुस्तीची अपेक्षा ठेवूं नये. रोज रात्रीं तळवे आरशांत पाहावे, दृष्टि अधू असेल तर घरांतल्या कोणाकडून पाहवून घ्यावे, जोडा झटकून घालावा, अनवाणी फिरूं नये आणि लहानशी जखमही त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. या उपायांस खर्च जवळजवळ नाहीं, आणि पाय वांचविण्याचें काम तेच करतात.