मुठेचा काठ दत्तक

पुण्यात सिंहगड रस्त्यावर विठ्ठलवाडीला, विठ्ठल मंदिराजवळचा मुठा नदीचा काठ ‘जीवितनदी’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दत्तक घेतला आहे. कचरा उचलणं हे त्यातलं सोपं काम. घरातल्या रासायनिक साबण-फिनाइलचं पाणी शेवटी नदीतच जातं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटवणं खरं अवघड! औंधला राम नदी मुळेला मिळते, तिथल्या संगमावरही असंच काम चालतं.

पण मैलापाणी काही झाडूनं अडत नाही. तिथं सरकारच हवं. जपानच्या ‘जायका’ या सहकार्य संस्थेच्या कर्जातून केंद्र सरकार आणि पुणे महापालिका यांनी ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना हाती घेतली. करार २०१६चा, मूळ खर्च सुमारे ९९० कोटी रुपये. कामं मात्र वर्षानुवर्षं रेंगाळली.

त्यातच २०२२मध्ये महापालिकेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेची पायाभरणी झाली. झाडांचं काय, पूररेषेचं काय, असं नदीप्रेमी पुणेकरांनीच महापालिकेला विचारलं. माझ्या मते असे प्रश्न विचारणं हेही नागरिक आणि सरकार यांच्या भागीदारीचंच काम. नदी ओळखायची असेल, तर ‘जीवितनदी’च्या नदीफेरीत सामील व्हा. चपला मात्र चिखलात चालतील अशाच घाला.