जनावराचा श्वास वाजू लागला तर...



आज आपण एका साध्याच, पण दुर्लक्ष होणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे जनावराचा श्वास. निरोगी गाय-म्हैस गोठ्यात रवंथ करीत बसली असली, तर तिचा श्वास आपल्याला ऐकूही येत नाही. तो ऐकू येऊ लागला, म्हणजे घुरघुर, घरघर, शिट्टी किंवा कण्हणे यांपैकी काहीही कानावर आले, की समजावे, काहीतरी बिघडले आहे. सगळेच आवाज जीवघेणे नसतात. पण एखाद्या आवाजात मात्र सकाळ-संध्याकाळचाही अवधी मिळत नाही. हा फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे.

श्वास कसा मोजावा?

आधी चांगल्या जनावराचा श्वास ओळखीचा करून घ्या. जनावर सावलीत, शांत उभे असताना दोन पावले लांब उभे राहून त्याची भकाळी पाहा. भकाळी एकदा वर आली आणि खाली गेली, की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या गाई-म्हशीचा आणि शेळीचा श्वास साधारण १५ ते ३० भरतो. वासरा-करडांचा थोडा अधिक असतो. उन्हातून आलेले, नांगराला जुंपलेले किंवा घाबरलेले जनावर जोरात श्वास घेणारच. त्याला सावलीत बांधा, पाणी दाखवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. श्वास खाली आला तर काळजी नाही. सावलीत उभे राहूनही भाता चालूच राहिला, तर मात्र पुढे पाहायला हवे.

गोठ्यात एक थर्मामीटर ठेवाच. टोकाला थोडे तेल लावून गुदद्वारात हलकेच सरकवा आणि दोन मिनिटे धरा. गाईचे ताप नसतानाचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. शेळीचे एखादा अंश जास्त असते.

आवाज कुठून येतो?

श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर अडथळा बहुधा नाकात किंवा घशात असतो. श्वास सोडताना जनावर कण्हत असेल, तर दुखणे छातीत, फुप्फुसात असण्याचा संभव अधिक. एवढे नीट पाहून डॉक्टरांना सांगितलेत, तरी त्यांचे निम्मे काम होते.

सगळ्यांत घातकी आवाज घटसर्पाचा. पावसाळा तोंडावर आला, हवा दमट झाली, की हा रोग डोके वर काढतो. गाईपेक्षा म्हशीला आणि रेडकांना याचा धोका जास्त. रात्री वैरण खाल्लेली म्हैस सकाळी कान पाडून उभी दिसते. अंगात १०४ ते १०७ अंश ताप, तोंडातून लाळ, गळ्याखाली आणि मानेच्या पोळीवर कडक, गरम, दुखरी सूज. सूज आतून घसा दाबते, आणि म्हणून श्वास घेताना घुरघुर असा आवाज होतो. हा आवाज सुरू झाल्यावर जनावर एका दिवसातही जाऊ शकते. तेव्हा ‘दुपारपर्यंत बघू’ म्हणू नका. ताप चढताच औषध मिळाले तर जनावर वाचू शकते. घुरघुर वाढल्यावर औषधालाही वेळ पुरत नाही. सुजेवर डाग देऊ नका, बिब्बा लावू नका. त्याने जखम होते, रोग तसाच राहतो आणि मोलाचे तास वाया जातात.

दुसरे कारण आपल्याच हातून घडते. पोट फुगले म्हणून आपण जनावराची जीभ ओढतो, मान आभाळाकडे करतो आणि बाटलीने तेल ओततो. ते पोटात जायचे सोडून श्वासनळीत उतरते. तेल तर असे फसवे, की ठसकाही लागत नाही. दोन दिवसांनी जनावराला ताप येतो, नाक वाहू लागते, छातीत घरघर ऐकू येते. हा न्यूमोनिया बरा व्हायला फार कठीण. म्हणून पाजताना डोके पाठीच्या रेषेपेक्षा फार वर नेऊ नका, जीभ मोकळी सोडा, घोट-घोट पाजा आणि ठसका लागताच हात थांबवा. ज्या जनावराचा श्वास आधीच वाजतो आहे, त्याला तोंडाने काहीही पाजू नका.

तिसरे, घशात काही अडकणे. बटाटा, बीट, मुळ्याचा तुकडा किंवा आंब्याची कोय अडकली, की जनावर मान लांब करते, लाळ गाळते, ठसकते आणि डावी भकाळी फुगू लागते. काठी घालून ढकलू नका, अन्ननळी फाटते. लगेच डॉक्टरांना बोलवा.

चौथा आवाज मात्र हळू येणारा. गाय-बैल महिनोन्‌महिने घोरतो, नाकातून शेंबूड, कधी रक्ताचा अंश येतो. साचलेल्या तळ्या-डबक्यांतल्या गोगलगायींमधून वाढणाऱ्या एका जंताचे हे काम असू शकते. हा जंत नाकाच्या शिरांत राहतो आणि आत मांस वाढते. यात रात्री धावाधाव नको, पण चालढकलही नको. दवाखान्यात तपासून घ्या आणि गुरांना डबक्यावर पाजणे बंद करा.

शेळ्यांविषयी थोडे. एका शेळीला शिंका, खोकला असेल तर तिला वेगळी बांधा. पण दोन-चार दिवसांत बऱ्याच शेळ्यांना ताप, नाका-डोळ्यांतून पू, तोंडात फोड आणि हगवण लागली, तर तो पी.पी.आर. असू शकतो. ताबडतोब कळवा. तशी शेळी बाजारात नेऊन विकू नका. आपला रोग दुसऱ्याच्या दारी जातो. पावसाळ्यात वाडा ताडपत्रीने गच्च बांधला, की आत लेंडी-मुताचा वायू कोंडतो. शेळीच्या उंचीइतके खाली बसून श्वास घ्या. आपले डोळे चुरचुरले, तर शेळीची छाती रोजच चुरचुरते आहे.

वेळ न घालवता डॉक्टर केव्हा बोलवावेत?

१) जनावर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेत असेल.
२) मान ताणून, पुढचे पाय फाकवून उभे असेल आणि खाली बसायला तयार नसेल.
३) गळ्याला सूज आणि घुरघुर असेल.
४) आवाजाबरोबर ताप असेल, किंवा खाणे व रवंथ बंद असेल.
५) जीभ, हिरड्या निळसर दिसत असतील.
६) डावी भकाळी ढोलासारखी फुगली असेल.

जनावर खाते आहे, ताप नाही, नुसता थोडा खोकला आहे, असे असेल तर एक-दोन दिवस नजर ठेवायला हरकत नाही. बुरशी आलेली, धुळकट वैरण बंद करा. कडब्यावर पाणी शिंपडून मग घाला.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

गळ्याचे दावे आणि मोरकी सैल करा. सावलीत, वाऱ्याला बांधा. गोठ्यात धूर करू नका. जनावर आडवे पडले असेल तर छातीवर बसते करून दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा आधार द्या. त्याला चालवत दवाखान्यात नेऊ नका. श्रमाने श्वास आणखी कोंडतो. १९६२ या शासकीय क्रमांकावर फोन केला, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. घरातले उरलेले इंजेक्शन स्वतः टोचू नका. उपचारानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि शेवटचे, पण पहिल्याइतके महत्त्वाचे. घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये टोचून घ्या. शेळ्यांना पी.पी.आर.ची लस द्या. लसीने काय होते, असे कुणी विचारले तर त्याला बुळकांडीची आठवण द्या. गावेच्या गावे ओस करणारा तो गुरांचा रोग लसीकरणाने २०११ साली जगातून कायमचा गेला.

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी धार काढून झाली, की पाच मिनिटे गोठ्यात थांबा. घड्याळ हातात घ्या, प्रत्येक जनावराची भकाळी बघा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. चांगला श्वास माहीत असला, म्हणजे बिघडलेला श्वास पहिल्याच दिवशी कळतो. रामराम.