पाटाच्या पाण्याचं गाव
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘दक्षिण आफ्रिकेत तीन महिने राहून आलात, जरा सांगा’ असा सेक्रेटरींचा आग्रह. सिंह-जिराफांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी सांगणार आहे प्रिन्स अल्बर्ट या छोट्या गावाबद्दल.

केपटाऊनपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, कारू नावाच्या कोरड्या माळरानाच्या कडेला हे गाव आहे. मागे स्वार्टबर्ग, म्हणजे ‘काळा डोंगर’. त्यातून जाणारा घाट थॉमस बेन या इंजिनिअरने कैद्यांकडून बांधून घेतला आणि तो १८८८ मध्ये खुला झाला. चुन्याशिवाय रचलेल्या त्याच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. गावात पांढरी, नक्षीदार माथ्याची जुनी घरं, अंजीर, ऑलिव्ह, द्राक्षं. रात्री आकाश असं, की दिवा लावू नये वाटतं.

एवढ्या कोरड्या मुलखात ही हिरवळ कशी? तर डोंगरातल्या नदीचं पाणी रस्त्याकडेच्या पाटांतून घराघरांशी येतं. त्याला तिथे ‘लेइवॉटर’ म्हणतात. प्रत्येक हक्कदाराची पाळी मिनिटांत ठरलेली. वेळ झाली की फळी उचलायची, पाणी बागेत घ्यायचं. वेळ संपली की फळी परत खाली. पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठायचं! आपल्याकडे शेतात ‘दारं धरतात’, तेच हे. धुळे-नाशिककडची फड पद्धतही मला तिथे आठवली. माणसं कुठलीही असोत, पाणी कमी पडलं की घड्याळ आणि शेजारी दोघांनाही धरून राहावं लागतं.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. पाटाचा हक्क जुन्या प्लॉटला चिकटलेला असतो. १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने त्या देशात गावोगावी गोरे सोडून इतरांना वेगळ्या वस्त्यांत ढकललं. ज्याचा प्लॉट गेला, त्याची पाळीही गेली. १९९४ मध्ये सर्वांना मत मिळालं, पण मत मिळालं म्हणून दारात पाट येत नाही. अशा गावात फिरताना झाडांवरूनच कळतं, की कायद्याने रेघ कुठे ओढली होती.

हे आज इथे का सांगतोय? पंचवीस वर्षांत आपणही पाण्यावरून कमी भांडलो नाही. पहिला मजला विरुद्ध चौथा मजला, टँकरचे पैसे, मोटरची वेळ. तरी आपण वेळापत्रक केलं आणि बहुतेक पाळलं. याचं श्रेय आपल्या सर्वांचं. पण त्या वेळापत्रकात वॉचमनदादा कुठे आहेत? झाडलोट करणाऱ्या मावशींना हात धुवायला, प्यायला नळ कुठे आहे? आपल्याकडे कायद्याने रेघ ओढलेली नाही, ती आपोआप पडलीय. म्हणूनच ती पुसायला कुठली क्रांती लागणार नाही. गेटजवळ एक नळ आणि एक फिल्टर, एवढंच पुरे.

पुनर्विकासाचा नकाशा सध्या कमिटीपुढे आहे. माझी विनंती एवढीच, की पार्किंगच्या चौकटी आखण्याआधी त्यात हा नळ दाखवावा.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.