मृत की बेपत्ता?

विस्मरणात गेलेल्या संगीतकारांना पुन्हा उजेडात आणावं का, हा आजचा प्रश्न आहे. यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: काळ ही सगळ्यात मोठी चाळण, चांगलं असेल ते वर राहतं, बाकीचं गळून पडतं. ऐकायला हे पटतं. पण ती चाळण नेमकी काय गाळते, हे एका माणसाच्या उदाहरणावरून पाहू. त्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे.

त्याचं नाव जॉन फोल्ड्स. जन्म १८८०, मँचेस्टर. तिथल्या प्रसिद्ध हॅले ऑर्केस्ट्रात तो चेलो वाजवायचा. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ ते १९२१ या काळात त्याने एक प्रचंड रचना केली, 'अ वर्ल्ड रेक्विएम'. रेक्विएम म्हणजे मृतांच्या शांतीसाठी केलेलं प्रार्थना-संगीत. पण हे एकट्या इंग्लंडच्या मृतांसाठी नव्हतं, सगळ्या देशांच्या मृतांसाठी होतं. शब्दांची निवड केली मॉड मॅकार्थी हिने. ती उत्तम व्हायोलिनवादक होती, ॲनी बेझंट यांच्याबरोबर भारतात येऊन तिने आपल्या संगीताचा अभ्यास केला होता. तिने बायबल घेतलं, जॉन बन्यन घेतला आणि आपला कबीरही घेतला.

११ नोव्हेंबर १९२३ रोजी, युद्धविरामाच्या वाढदिवशी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही रचना सादर झाली. गाणारे-वाजवणारे मिळून सुमारे बाराशे जण. माजी सैनिकांच्या संघटनेचा, ब्रिटिश लीजनचा, त्यामागे आधार होता. १९२६ पर्यंत दरवर्षी हा कार्यक्रम झाला. टीकाकारांनी नाकं मुरडली, पण ज्यांच्या घरातली माणसं परतली नव्हती ते लोक येत राहिले. १९२७ साली त्या संध्याकाळचं स्वरूप बदललं. एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने तिथे युद्धकाळातली गाणी सर्वांनी मिळून म्हणायचा कार्यक्रम सुरू झाला आणि फोल्ड्सची रचना बाजूला पडली. नंतरची ऐंशी वर्षं ती वाजलीच नाही.

आता सांगा, ही काळाची चाळण म्हणायची का? आयोजक बदलले, खर्च झेपेना, बाराशे माणसं पुन्हा कोण गोळा करणार? पाश्चात्त्य संगीत कागदावर असतं. कागद कपाटात गेला आणि वाजवणारं कोणी नसलं, की रचना संपली. यात गुणवत्तेचा निवाडा कुठेच झालेला नाही.

मी फौजेत आयुष्य काढलं, म्हणून तिथला एक भेद सांगतो. लढाईनंतर हजेरी घेतात तेव्हा 'मृत' आणि 'बेपत्ता' हे दोन वेगळे शेरे असतात. मृताला आपण सन्मानाने निरोप देतो. बेपत्ता माणसाचा आधी शोध घ्यावा लागतो, शोध न घेता त्याला मृत ठरवता येत नाही. बहुतेक विस्मृत संगीतकार या दुसऱ्या यादीतले आहेत.

विवाल्डीचंच बघा. १७४१ साली व्हिएन्नात तो गेला आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं फारसा कोणाच्या ध्यानात नव्हता. १९२०च्या दशकात त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा इटलीत हाती लागला आणि तो तुरिनच्या ग्रंथालयात आला. आज 'फोर सीझन्स'चे सूर फोन थांबवून ठेवला तरी कानावर पडतात. चाळणीवर विश्वास ठेवून सगळे गप्प बसले असते तर?

फोल्ड्सकडे परत येतो. १९३५ मध्ये तो भारतात आला आणि दिल्लीत ऑल इंडिया रेडिओच्या युरोपीय संगीत विभागाचा प्रमुख झाला. भारतीय वाद्यं घेऊन त्याने वाद्यवृंद उभा केला. त्याआधीच आपल्या मेळांच्या पद्धतीवर त्याने पियानोच्या रचना केल्या होत्या. पहिल्या महायुद्धात भारताचे तेरा लाखांवर लोक गेले, सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणाचं इंडिया गेट ज्या शहरात आहे, त्याच शहरात 'सगळ्या देशांच्या मृतांसाठी' संगीत लिहिणारा हा माणूस नोकरी करत होता. एप्रिल १९३९ मध्ये त्याची कलकत्त्याला बदली झाली आणि तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. भारतात लिहिलेलं त्याचं बरंचसं संगीत हरवलं.

इथे तुमच्यातला एखादा पेटीवाला मला अडवेल. बरोबरच आहे. हार्मोनियम भारतीय संगीताला मारक आहे असं मत मांडणाऱ्यांत हा फोल्ड्सही होता. पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा त्याचा आक्षेप. रवींद्रनाथही पेटीच्या विरोधात होते. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली ती सुमारे तीन दशकं टिकली. ज्या मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंब्यांची पेटी गाजली, तिथल्या माणसाने असल्या संगीतकाराचा कैवार का घ्यावा?

माझं म्हणणं असं, की पुनरुज्जीवन म्हणजे आरती नव्हे. ती फेरसुनावणी आहे. ११ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच अल्बर्ट हॉलमध्ये 'वर्ल्ड रेक्विएम' पुन्हा वाजलं, त्याचं ध्वनिमुद्रणही निघालं. काहींना ते भव्य वाटलं, काहींना लांबट. वाटू दे! आता मत ऐकून बनतं, आणि मतभेदही ऐकलेल्या गोष्टीवर होतात. तिला दरवर्षी वाजवा असं मी म्हणत नाही. एकदा नीट, पुरेशा तयारीने ऐकवा, एवढाच तिचा हक्क.

आपल्याकडे रचनाकार थोडा वेगळ्या रीतीने टिकतो. सदारंग, म्हणजे नियामत खाँ, मुहम्मदशहा रंगिल्याच्या दरबारातला. त्याचं नाव बंदिशीतच गुंफलेलं असल्यामुळे आजही रोज कुठेतरी गायलं जातं. पण गळ्यातली विद्या गळ्याबरोबर जाते. पं. भातखंडे गावोगाव फिरले, घराण्यांच्या दारांशी बसले, शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या. त्यांच्या स्वरलिपीवर वाद झाले, होत राहतील. पण वाद घालायला चीज हाताशी आहे ती त्यांच्यामुळे.

म्हणून इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कोलकाता, जिथे कुठे तुम्ही असाल तिथे एक काम करा. घरात कोणा आजोबांची, आत्याची, गुरुजींची चिजांची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. पानापानाचा फोटो काढा. ज्याला त्या चाली येतात त्याच्याकडून फोनवर गाऊन घ्या, नाव-गाव-तारीख लिहा आणि एक प्रत जवळच्या संगीत विद्यालयाला किंवा ग्रंथालयाला द्या. त्या चिजा थोर आहेत की सामान्य, हे पुढचे लोक ऐकून ठरवतील. आपल्याकडून शोध राहून गेला, असं मात्र होऊ नये.