प्रजा आणि नागरिक

(लोणावळे येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले व्याख्यान)



साम्राज्याला प्रजा हवी असते, नागरिक नको असतो. ह्याची साक्ष मावळच्या डोंगरांत आहे. लोणावळे परिसरातील धरणांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे त्याच कामासाठी मुळशीच्या मावळ्यांची भातशेते घेण्यात आली. मावळा ब्रिटिश सम्राटाचा प्रजाजन होता. परंतु भूसंपादनाचा १८९४ चा कायदा करताना त्याला कोणी विचारले नव्हते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्याने सत्याग्रह केला.

हाच प्रजाजन साम्राज्यात अन्यत्र गेला तेव्हा काय झाले? १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत मराठी माणसेही होती. मजूर हवा होता तोवर दार उघडे होते. १९६८ साली केनियातील ब्रिटिश पासपोर्टधारक भारतीय इंग्लंडला निघाले, तेव्हा पार्लमेंटने घाईघाईने कायदा करून ते लावून घेतले. ज्याचे स्वतःचे, आईबापांचे वा आजाआजीचे मूळ ब्रिटनमध्ये, त्यालाच मोकळा प्रवेश उरला.

पोर्तुगालने १९५१ साली गोव्याला ‘सागरपार प्रांत’ म्हटले; सभा-भाषणाचे स्वातंत्र्य मात्र दिले नाही. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे यांच्यासह गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींत तेच सेनापती बापट होते. १९६१ साली गोवा मुक्त झाला. तरीही मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला. रोजगारासाठी तो पासपोर्ट घेणाऱ्या गोमंतकीयास देशद्रोही ठरविणे अन्यायाचे होय. परंतु आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाने त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्याबरोबर मतही जाते. २००५ नंतरचे ओसीआय कार्ड येण्याराहण्याची मुभा देते; मत देत नाही, शेतजमीन विकत घेऊ देत नाही.

म्हणून नागरिकत्वाची कसोटी पासपोर्ट नव्हे, मत होय. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकास २०१० च्या दुरुस्तीने मतदार होता आले. मग तळेगावच्या कारखान्यांत, लोणावळ्याच्या बांधकामांवर पोटासाठी आलेल्या मजुराचे काय? तो जेथे सामान्यतः राहतो तेथे नाव नोंदविण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलेला आहे. पण रहिवासाच्या कागदावाचून तो हक्क कागदावरच राहतो. ज्याचे मत मोजले जात नाही, त्याच्या मजुरीची आणि झोपडीची दाद कोणी घेत नाही.

साम्राज्य गेले, तरी माणसाला प्रजा ठेवण्याची रीत आपोआप जात नाही. कार्यकर्त्यांनी ह्या वस्त्यांत जावे आणि एकेक नाव यादीत चढवावे. मुळशीच्या वारसांचे ते पहिले काम आहे.