दीड होमेर जव
होशेय प्रवक्त्याची पत्नी त्यास सोडून गेली असतां देवाज्ञेनें त्यानें तिला पंधरा शेकेल रुपें व दीड होमेर जव मोजून परत आणिलें. पुरेसें रुपें हाताशीं नसल्यामुळेंच जव घालावे लागले असावेत, असें आम्हांस वाटतें. इस्राएल लोक तेव्हां बेथेलच्या वासरास नमत व धान्यतेल बआलानें दिलें म्हणत. परमेश्वर मात्र त्यांना टाकीत नव्हता. इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलें, तेव्हां वासरूं कामीं आलें नाहीं.

आपलीं वासरें निराळीं. वीतभर बांधासाठीं सख्खे भाऊ कोर्टांत भांडतात व रविवारीं एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात! ज्युबिलीच्या वर्षीं जमीन मूळ धन्यास परत द्यावी, अशी जुन्या करारांत आज्ञा आहे. आपल्या ज्युबिलीच्या मिस्सापूर्वीं त्या भावाचें दार आपण ठोठावणार आहोंत काय?