बिनतारी यंत्राचा परवाना

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर राजिवडा व मांडवी, दक्षिण तीरावर भाट्ये. भाट्याची लांब पुळण, सुरूचें बन आणि तेथील नारळ संशोधन केंद्र हीं सहलीस जाणाऱ्या मंडळींच्या परिचयाचीं आहेत. खाडीच्या मुखाशीं गाळ सांचून होड्यांची वाट किती अरुंद होते, हें मात्र पुलावरून जाणाऱ्या थोड्यांच्याच ध्यानांत येतें. अशा वाटेवर समोरून दुसरी नौका येत असली, तर एकीनें थांबणें भाग असतें. कोणीं थांबावयाचें, हें हाळी देऊन किंवा हातवारे करून ठरवावें लागतें. तेव्हां एकाद्या नौकामालकास वाटावें, कीं तांडेलाच्या हातीं एक वॉकी-टॉकी द्यावी व दुसरी किनाऱ्यावर ठेवावी, तर त्यांत नवल काय? यंत्र बाजारांत मिळतें, बटण दाबलें कीं बोलतां येतें. मग सरकारचा परवाना मध्येंच कोठून आला?

प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर त्या खाडीच्या मुखाशींच आहे. आकाश अफाट दिसलें, तरी बोलण्यास उपयोगी अशा लहरींच्या वाटा मोजक्याच. या यंत्रांत एकानें बोलावयाचें व बाकीच्यांनीं ऐकावयाचें, अशी रीत असते. दोघांनीं एकदम बटण दाबलें, तर दुर्बळ आवाज बुडतो, किंवा दोन्ही बोलणीं मिसळून कोणासच कांहीं उमगत नाहीं. एकाचें बटण चुकून दाबलेलें राहिलें, तर त्या लहरीवरचे सारेच मुके होतात. टेलिफोनमध्यें प्रत्येकाची वाट निराळी राखली जाते. येथें सर्वजण एकाच चव्हाट्यावर उभे!

या गोंधळाची किंमत जगानें मोजलेली आहे. १९१२ च्या एप्रिलमध्यें ‘टायटॅनिक’ बुडाली, त्या वेळीं तिच्यावर बिनतारी यंत्र होतें, आणि त्याच्याच हांकेमुळें सातशेंवर माणसें वांचलीं. परंतु दुसऱ्या दिवशीं अमेरिकेच्या किनाऱ्यावर हौशी आणि धंदेवाईक अशा अनेक केंद्रांच्या संदेशांची अशी सरमिसळ झाली, कीं बोट सुखरूप ओढून आणीत आहेत अशी खोटी वार्ता वर्तमानपत्रांत छापली गेली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अमेरिकेनें कायदा करून प्रक्षेपकांस परवाना सक्तीचा केला.

आपल्या किनाऱ्यावरील उदाहरण याच्या उलट आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकानजीक उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतें. मुंबई इतकी जवळ, तरी कित्येक तास तेथें कोणास दाद नाहीं! कोंकणांतील जुन्या घरांत त्या दिवसाची आठवण निघाली, कीं आजहि बोलणें थांबतें. एके ठिकाणीं यंत्रांची बेबंद गर्दी, दुसरीकडे यंत्राचाच अभाव. परवान्याचा विचार करतांना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असाव्यात.

आपल्याकडे तारायंत्राचा कायदा १८८५ चा. बिनतारी विद्या तेव्हां जन्मासहि आली नव्हती. १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र नुसतें बाळगण्यासहि परवाना लागूं लागला. घरांतील रेडिओचें परवानापुस्तक घेऊन दरवर्षीं पोस्टांत पैसे भरावयास जाणारे वडील पुष्कळांस आठवत असतील. ऐकणाऱ्यांचा तो परवाना १९८० नंतरच्या दशकांत गेला. बोलणाऱ्यांचा राहिला, आणि तें योग्यच झालें. या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं दूरसंचार अधिनियम संमत झाला.

धंद्यासाठीं यंत्रें हवीं असतील, तर अर्ज केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यांतील बिनतारी नियोजन व समन्वय विभागाकडे जातो. हल्लीं तो ‘सरल संचार’ या संगणकीय दालनांतून करतात. धंदा कोणता, यंत्रें किती, शक्ति किती वॅट, कोणत्या क्षेत्रांत वापरणार, हें सारें त्यांत सांगावें लागतें. उंच खांबावर एरियल उभारावयाची असेल, तर विमानांस अडथळा होऊं नये म्हणून त्या जागेचीहि निराळी मंजुरी लागते. पोलीस, नौदल, तटरक्षक दल किंवा दुसरा एकादा परवानाधारक यांस उपद्रव होणार नाहीं अशी वाट विभाग निवडून देतो; तिचें शुल्क भरावें लागतें. यंत्राचा नमुनाहि मान्य झालेला असावा लागतो. म्हणून आधीं यंत्र घेऊन मग परवान्यास धांवणें ही उलटी रीत होय. नाव मात्र ‘सरल’. भाट्याच्या किनाऱ्यावरील माणसास तो अर्ज भरून देणारा शहाणा माणूस शोधावाच लागतो!

कांहीं यंत्रांस परवान्याची गरज नाहीं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस २०१८ च्या नियमांनीं सूट दिली आहे. आंब्याच्या बागेंत, लग्नाच्या मांडवांत अथवा गोदामांत तीं पुरतात. परंतु घरपोंच माल पाठविणाऱ्या दुकानांतून सुटीचीं आणि परवान्याचीं यंत्रें एकाच रांगेंत विकलीं जात, आणि घेणाऱ्यास तें कोणी सांगत नसे. अखेर मे २०२५ मध्यें ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणानें त्यासाठीं मार्गदर्शक नियम काढले. खरेदीपूर्वीं वारंवारतेचा आंकडा वाचावा, एवढी दक्षता ग्राहकानेंहि घ्यावी.

समुद्रावर मात्र हीं सुटीचीं यंत्रें उपयोगाचीं नाहींत. तेथें नौकांसाठीं ठरलेल्या लहरी आहेत आणि त्यांतील सोळावी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झची, संकटाच्या हांकेसाठीं जगभर राखलेली आहे. तिच्यावर मासळीच्या भावाच्या गप्पा रंगल्या असतां दूर कोठें एकाद्या नौकेंत पाणी शिरलें, तर त्या तांडेलाची हांक कोणीं ऐकावी? त्या नौकेवर भाट्याचा किंवा राजिवड्याचाच कोणी असूं शकतो.

महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळीं विणलीं जातात, इंजिनें उघडतात. परवान्याचे कागद जुळविण्यास हाच काळ बरा. नारळी पौर्णिमेपर्यंत परवाना हातीं येईलच असें नव्हे. परंतु अर्ज तरी गेलेला असेल.